महोगनी : झाड, लाकूड, रंग आणि लागवडीची घाई

रानवाटा (धागाकर्ता) :

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे महोगनी हे नाव मुख्यतः लागवडीच्या जाहिरातींतून कानावर पडते. एकरी इतकी रोपे, इतक्या वर्षांत इतके कोटी, असा तो हिशोब असतो. त्या हिशोबाविषयी या धाग्यावर बोलूच; पण ज्या लाकडाच्या कीर्तीवर तो मांडला जातो, ते लाकूड कोणत्या रानात, किती काळात आणि कोणाच्या कष्टाने जगापुढे आले हे कळल्याशिवाय त्या आकड्यांना काही अर्थ लागत नाही, असे माझे मत आहे.

मूळ महोगनी म्हणजे स्वीटेनिया या प्रजातीतील तीन जाती. त्या तिन्ही अमेरिका खंडाच्या उष्ण पट्ट्यातील आहेत. क्युबा, जमैका, हिस्पॅनिओला, बहामा आणि फ्लोरिडाचे दक्षिण टोक हे स्वीटेनिया महागोनीचे घर. मेक्सिकोपासून मध्य अमेरिकेतून ॲमेझॉनच्या दक्षिण भागापर्यंत, म्हणजे ब्राझील, पेरू आणि बोलिव्हियापर्यंत, मोठ्या पानांची स्वीटेनिया मॅक्रोफायला वाढते. तिसरी ह्युमिलिस ही मध्य अमेरिकेच्या प्रशांत महासागराकडील कोरड्या किनाऱ्यावरची, आकाराने लहान. ही सगळी झाडे कडुलिंबाच्या कुळातली. पानांची ठेवण पाहिली की हे नाते लगेच ध्यानात येते, फक्त महोगनीच्या पर्णिकांना (एका देठावरच्या लहान पानांना) कडुलिंबासारखे दाते नसतात. आणखी एक गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. मॅक्रोफायला या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन १८८६ साली जॉर्ज किंग यांनी केले. ते कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख होते आणि त्यांच्यासमोर होती ती होंडुरासहून आणलेल्या बियांपासून तिथेच वाढलेली झाडे. लहान पानांची महागोनी ही जात तर त्या उद्यानात १७९५ पासून होती.

रानातली मॅक्रोफायला तीस-चाळीस मीटर सहज उंच होते आणि तिच्या बुंध्याला भिंतीसारखे आधारमुळांचे पंख फुटतात. पण तिचे राई करून राहणे नाही. बहुतेक रानांत हेक्टरी एक मोठे झाडही सापडत नाही. बी पंखांचे असले तरी त्यातले बहुतेक वाऱ्याच्या दिशेने थोड्याच अंतरावर पडते, आणि उगवलेले रोप सावलीत फार काळ तग धरत नाही. त्याला मोकळे आकाश लागते. ते आकाश नैसर्गिकरीत्या मिळते ते चक्रीवादळाने, वणव्याने किंवा नदीच्या पुराने रानाचा मोठा तुकडा आडवा केल्यावर. तिथल्या मूळ रहिवासी माया लोकांच्या फिरत्या शेतीनेही मेक्सिकोतील युकातान आणि ग्वाटेमालातील पेतेनच्या रानांत अशा जागा करून दिल्या. म्हणजे एखाद्या वादळानंतर एका वयाची पुष्कळ रोपे उठतात, त्यांतली थोडी टिकतात, आणि पुढची शंभर-दोनशे वर्षे ती एकमेकांपासून दूर, उंच झाडांच्या स्पर्धेत सरळ वाढत राहतात. ज्या लाकडाला आपण महोगनी म्हणून डोक्यावर घेतले, ते या संथ वाढीचे लाकूड आहे.

या झाडाची बाजारपेठ मात्र घाईने उभी राहिली. १७२१ मध्ये ब्रिटिश संसदेने अमेरिकेतील वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरचे आयातशुल्क काढून टाकले आणि जमैकाच्या महोगनीला लंडनचे दार उघडले. १७५४ साली टॉमस चिपेंडेल यांनी फर्निचरच्या नमुन्यांचे पुस्तक प्रसिद्ध केले, तोवर श्रीमंत इंग्रजी घरात टेबल, खुर्ची आणि जिन्याचा कठडा महोगनीचा असणे हे प्रतिष्ठेचे लक्षण झाले होते. जमैकाचा सोयीचा किनारा अठराव्या शतकातच तोडून झाला. मग क्युबा, हिस्पॅनिओला, आणि पुढे मध्य अमेरिकेतील आजचा बेलीझ. स्पॅनिश लोकांनी हवानाच्या गोदीत याच रानांतल्या कठीण लाकडांतून युद्धनौका बांधल्या. १७६९ मध्ये पाण्यात उतरलेली ‘सांतिसिमा त्रिनिदाद’ त्यांतलीच.

बेलीझमधील तोडणीची पद्धत तपशिलाने सांगावीशी वाटते. १७८६ च्या लंडन करारानंतर ब्रिटिशांना तिथे महोगनी तोडण्याची परवानगी मिळाली आणि हे काम आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या टोळ्यांकडून करून घेतले जाई. टोळीत एक ‘शोध्या’ असे. ऑगस्टच्या सुमारास महोगनीच्या पानांवर पिवळसर-तांबूस छटा चढते. तेव्हा तो रानातल्या सर्वांत उंच झाडावर चढे, हिरव्या छपरावर तो रंग कुठे कुठे उमटला आहे हे नजरेने टिपून घेई, आणि खाली उतरून कोणतीही खूण नसलेल्या रानातून टोळीला नेमका त्या झाडापाशी नेई. टोळीतील सर्वांत मोलाचा माणूस तो, आणि तोही मालकाचा गुलामच. बुंध्याशी आधारमुळांचा घेर मोठा असल्यामुळे दहा-बारा फूट उंचीवर माची बांधून त्यावरून कुऱ्हाड चालवत. उन्हाळ्यात दिवसा बैल उष्म्याने कोसळत, म्हणून ओंडके रात्री पाइनच्या मशालींच्या उजेडात ओढत. पावसाळ्यात नद्या फुगल्या की ते पाण्यात सोडून मुखापाशी साखळ्यांनी अडवत. आजही बेलीझच्या राष्ट्रध्वजावर महोगनीचे झाड आणि हातात अवजारे घेतलेले दोन लाकूडतोडे आहेत, खाली लॅटिनमध्ये ‘मी सावलीत बहरतो’ असे वचन आहे. गुलामगिरीचा तो काळ डोळ्यांसमोर ठेवून तो ध्वज पाहिला तर मन अस्वस्थ होते.

विसाव्या शतकात कुऱ्हाडीच्या जागी यंत्रकरवत आणि बुलडोझर आले आणि तोडणी ॲमेझॉनमध्ये शिरली. ब्राझीलमध्ये पारा राज्यात कायापो या आदिवासी लोकांच्या राखीव प्रदेशातूनही महोगनी बाहेर गेली. अखेर २००१ मध्ये ब्राझील सरकारने तिची तोडणी आणि वाहतूक थांबवली. २००२ च्या सान्तियागो परिषदेत मॅक्रोफायला ही जात साइट्स या, धोक्यातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घेण्यात आली आणि २००३ च्या नोव्हेंबरपासून निर्यातीला परवाना बंधनकारक झाला. निवडक तोडणीचा खरा घाव असा, की मोठे बीजवृक्ष तेवढे जातात आणि रोपांना हवा तेवढा उजेडही मिळत नाही. रान हिरवेच दिसते, पण त्यात पुढची महोगनी नसते.

आशेची जागाही आहे, आणि ती मला महत्त्वाची वाटते. ग्वाटेमालातील पेतेनमध्ये माया जैवावरणाचे राखीव क्षेत्र १९९० मध्ये जाहीर झाले. तिथे वाशाक्तून यांसारख्या गावांना रान कराराने सांभाळायला दिले आहे. गावकरी ठरलेल्या तुकड्यातली ठरलेली झाडे तोडतात, बाकीची बियांसाठी राखतात. मेक्सिकोच्या किन्ताना रो राज्यातील सामूहिक रानांत ५५ सेंटीमीटरपेक्षा जाड झाडच तोडायचे आणि रान पंचवीस वर्षांच्या तीन फेऱ्यांत, म्हणजे ७५ वर्षांच्या हिशोबाने वापरायचे, अशी आखणी १९८० च्या दशकात झाली. ज्यांचे आयुष्य या झाडावर अवलंबून आहे, त्यांनी ठरवलेला आकडा ७५ वर्षांचा आहे. आपल्याकडच्या जाहिरातीतला आकडा बारा वर्षांचा असतो.

रंधा :

रानवाटा, लेख फार आवडला. मी फर्निचरदुरुस्तीच्या कामात आहे, म्हणून लाकडाच्या बाजूने थोडी भर घालतो.

महोगनीचे मोठेपण तिच्या कठीणपणात नाही. आपला शिसव तिच्यापेक्षा कितीतरी कठीण आणि जड आहे. तिचे मोठेपण स्थिर राहण्यात आहे. सुकताना ती फार कमी आकसते, आणि रुंदीकडे व जाडीकडे आकसण्याच्या प्रमाणात फारसा फरक नसल्यामुळे फळी पिळत नाही. जुन्या काचपट्टीच्या कॅमेऱ्यांच्या पेट्या, ओतकामाचे लाकडी साचे, मोजमापाच्या उपकरणांची घरे यांसाठी ती निवडली जाई ती याच गुणामुळे. शिवाय झाड प्रचंड असल्यामुळे टेबलाचा अख्खा माथा एका फळीतून निघे. करवत आणि पटाशीखाली ती शहाण्यासारखी वागते. रंध्याखाली मात्र सांभाळावे लागते, कारण तिच्या रेषा एका थरात एका बाजूला आणि पुढच्या थरात उलट बाजूला झुकलेल्या असतात. पाते बोथट असेल तर पट्ट्यापट्ट्याने लाकूड उपटून येते. त्याच उलटसुलट रेषांमुळे पॉलिश केल्यावर फितीसारखे चमकते पट्टे दिसतात आणि आपण बाजू बदलली की काळा पट्टा उजळ होतो. घासताना नाकातोंडावर कापड बांधावे. हिच्या भुशाने पुष्कळांना शिंका आणि त्वचेला खाज येते.

ओळखीविषयी. मुंबई-पुण्यातील जुन्या घरांतून येणारे ‘महोगनीचे’ कपाट बहुधा लाल पॉलिश केलेले सागवान असते, आणि एकोणिसाव्या शतकातील मुंबईचे ते प्रसिद्ध नक्षीदार काळे फर्निचर शिसवाचे आहे. खात्री करायची तर खण बाहेर काढून पॉलिश न लागलेली बाजू पाहावी. कोपऱ्यावर धारदार पटाशीने अगदी पातळ आडवा छेद घ्यावा, तो थुंकीने किंवा पाण्याने ओला करावा आणि दहापटीच्या भिंगातून पाहावा. खऱ्या महोगनीत छिद्रे सर्वत्र सारखी विखुरलेली दिसतात, काहींत काळसर-लाल डिंक भरलेला असतो, आणि वाढीच्या कडेला फिकट रंगाची सलग बारीक रेषा दिसते. सागवानात छिद्रांची मोठी रांग वर्तुळाने बसलेली असते, शिवाय तेलकट वास येतो. आफ्रिकन महोगनी, म्हणजे खाया, हिच्यात ती फिकट सलग रेषा सहसा नसते. फिलिपिन महोगनी म्हणून जे विकले जाते ते तर शोरियाचे लाकूड. ते आपल्या सालवृक्षाच्या प्रजातीतले आहे, महोगनीशी त्याचे नाते नाही.

कुंचला :

रंधा, तुमच्या मुद्द्याला जोडून रंगाविषयी लिहितो.

महोगनी रंग म्हणून आपल्या मनात जो गडद, काळपट तांबडा ठसला आहे, तो ताज्या लाकडाचा नाही. नुकतीच चिरलेली फळी फिकट गुलाबी किंवा विटकरी असते. हवा आणि उजेड लागला की ती हळूहळू सोनेरी-तांबूस तपकिरी होते. टेबलावर वर्षानुवर्षे एकाच जागी ठेवलेली वस्तू उचलली तर खाली तिच्या आकाराचा फिकट ठसा राहतो. संग्रहालयांतल्या तुकड्यांचा तो खोल लाल रंग थोडा काळाचा आणि बराच कारागिरांचा आहे. लाकडावर पोटॅशियम डायक्रोमेटचे पाणी फिरवून ते मुद्दाम गडद करत, कारण ते लाकडातील टॅनिनवर रासायनिक क्रिया करते. त्यावर चपडा लाखेचे हात चढले की आतून उजळल्यासारखा रंग येई. हे द्रव्य विषारी आहे, हौशी मंडळींनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

आज हा रंग झाडापासून पुरता सुटला आहे. रबरवुडवर, एमडीएफवर, लोखंडी दारावरही ‘महोगनी’ मिळते. केसांच्या रंगाच्या काही ब्रँडमध्ये दशांश चिन्हानंतरचा ५ हा आकडा महोगनी छटा दाखवतो. संगणकावर या नावाने जो रंग सहसा दिला जातो त्यात लाल १९२, हिरवा ६४ आणि निळा शून्य असतो. तो पडद्यावर लावून पाहा, भाजलेल्या विटेकडे झुकणारा नारिंगी रंग दिसेल. चित्रात जुने महोगनी टेबल रंगवायचे असेल तर मी बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगावर अलिझारिन क्रिमसन या गडद लाल रंगाचा पातळ हात देतो आणि सावलीत किंचित अल्ट्रामरीन निळा घालतो. एकाच नळीतून तो रंग निघत नाही, कारण खाली उजळ आणि वर गडद असे दोन थर एकाच वेळी दिसणे हाच त्याचा स्वभाव आहे.

पाणकळा :

मी हा धागा वेगळ्या गरजेने वाचतो आहे. आमच्या गावात एका रोपवाटिकेचे प्रतिनिधी येऊन गेले. एकरी पाचशे रोपे, बारा वर्षांनी प्रत्येक झाडाचे लाकूड आम्हीच घेऊ, असे त्यांचे म्हणणे आहे. माझी तीन एकर मध्यम जमीन आहे, विहिरीला मार्चपर्यंत पाणी असते. भावकीतल्या दोघांनी आगाऊ रक्कमही भरली. माझे प्रश्न सरळ आहेत. ते देतात ते रोप नक्की कोणते हे कसे ओळखायचे? बारा वर्षांत खरोखर किती लाकूड मिळते? आणि तोडायला परवानगी लागते का?

रानवाटा :

पाणकळा, बरे झाले तुम्ही पैसे भरण्याआधी विचारले. क्रमाने सांगतो.

रोप ओळखायला पान हातात घ्या. स्वीटेनियाची पर्णिका टोकदार, किंचित वाकडी असते आणि देठाशी तिच्या दोन बाजू असमान असतात. आपल्याकडे ‘महोगनी’ म्हणून मोठ्या प्रमाणात विकली जाणारी खाया सेनेगॅलेन्सिस हिची पर्णिका सरळ, लांबट-गोल, टोकाला बोथट असते. रोपवाटिकेने मातृवृक्ष दाखवला तर फळ पाहा. स्वीटेनियाचे फळ आकाशाकडे ताठ उभे, लांबट असते, ते खालून पाच फाकांनी उकलते, आणि बीला एका बाजूला लांब पंख असतो. खायाचे फळ गोल, लिंबाएवढे किंवा थोडे मोठे असते, ते वरून उकलते, बी चपटे आणि कडेने बारीक पंखाचे. खाया वाईट झाड आहे असे मी म्हणत नाही. ती सेनेगलपासून युगांडापर्यंतच्या कोरड्या माळरानांतली आहे आणि पाण्याचा ताण अधिक सोसते. पण ती वेगळी आहे, तिचा भाव वेगळा आहे. रोजगार हमीतील वृक्षलागवडीच्या यादीतही खाया आणि महोगनी ही दोन नावे स्वतंत्रपणे दिलेली आहेत. तेव्हा पावतीवर शास्त्रीय नाव लिहून मागा. नाव लिहून देत नसतील तर तिथेच थांबा.

आता लाकूड. चांगल्या जमिनीत, पाण्यावर, बुंधा वर्षाला दोन सेंटीमीटर जाड झाला तर ती उत्तम वाढ समजावी. बारा वर्षांत २५ सेंटीमीटर, म्हणजे दहा इंच व्यास आणि सुमारे ३१ इंच घेर. वखारीत गोल लाकूड मोजताना घेराचा चौथा भाग घेतात, त्याचा वर्ग करतात आणि लांबीने गुणतात. २० फूट सरळ बुंधा मिळाला असे धरले तरी हे उत्तर साडेआठ घनफुटांच्या आसपास येते. जाहिरातीतला आकडा याच्याशी ताडून पाहा. शिवाय त्या वयात गाभ्याचे लाल लाकूड थोडे आणि बाहेरचे पांढरे लाकूड पुष्कळ असते. रंधा ज्या लाकडाचे वर्णन करतात ते हे नव्हे, आणि वखारवाला त्याला तो भाव देणार नाही. एकरी पाचशे झाडे ठेवली तर बुंधे आणखी बारीक राहतील. फिजीमध्ये १९५० च्या दशकापासून सरकारने महोगनी लावली. आज तिथे चाळीस हजार हेक्टरांहून अधिक क्षेत्र आहे, पण मोठी व्यापारी तोडणी सुरू व्हायला चाळीस-पन्नास वर्षे गेली.

फिजीची आणखी एक सोय होती, ती आपल्याला नाही. शेंड्याची अळी तिथे नाही. आपल्याकडे हिप्सिपायला रोबस्टा नावाचा पतंग आहे, तो तुनीच्या झाडावर पूर्वीपासून जगतो आणि महोगनीही त्याला त्याच कुळातली म्हणून चालते. मादी कोवळ्या शेंड्यावर अंडी घालते, अळी शेंड्यात शिरून आतला मगज खाते, बाहेर डिंकमिश्रित भुसा दिसतो आणि शेंडा वाळतो. झाड मरत नाही, पण खालून तीन-चार फुटवे निघतात आणि सरळ बुंध्याची आशा संपते. नुसत्या महोगनीच्या उघड्या मळ्यात हा उपद्रव सर्वांत जास्त असतो.

परवानगीबाबत : १९६४ च्या महाराष्ट्र झाडे तोडण्याच्या अधिनियमात अनुसूचित झाडांची यादी आहे, त्यात साग, खैर, आंबा, फणस यांसारखी झाडे येतात. महोगनी माझ्या माहितीप्रमाणे त्यात येत नाही, तरी वाहतुकीचे नियम वेगळे असतात. वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी अर्ज देऊन लेखी उत्तर घ्या. सातबाऱ्यावर झाडांची नोंद करून घ्या. मॅक्रोफायलासाठी साइट्सची अट अमेरिकेतील मूळ प्रदेशातल्या झाडांपुरती आहे, इथे लावलेल्या मॅक्रोफायलाला ती लागत नाही. ‘आम्हीच विकत घेऊ’ हा करार असेल तर त्यात भाव, मोजणीची पद्धत आणि न घेतल्यास भरपाई हे तिन्ही लिहिलेले हवे.

देवराई :

माझा एक आक्षेप नोंदवतो. फिलिपिन्समध्ये मॅक्रोफायला लावलेल्या रानांत तिची रोपे आसपासच्या नैसर्गिक जंगलात पसरली आणि स्थानिक झाडांना जागा उरली नाही, याचा अभ्यास झालेला आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी, देवरायांच्या लगत ही झाडे लावण्याआधी हा विचार व्हावा. आपल्याकडे शिवण आहे, बिबळा आहे, तुनी आहे. लाकडासाठी शेतकऱ्याने यांची लागवड का करू नये, हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण या झाडांची जाहिरात करणारे कोणी नाही.

जाईजुई :

थोडा वेगळा प्रश्न. आमच्या ओळखीत मधुमेहासाठी ‘शुगर बदाम’ रोज चावून खातात. ते महोगनीचेच बी आहे का, आणि ते सुरक्षित आहे का?

रानवाटा :

जाईजुई, होय, ते स्वीटेनियाचेच बी. अत्यंत कडू असते, आणि कडू म्हणजे साखरेवर गुणकारी या समजुतीने खाल्ले जाते. मलेशियात हे बी खाणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याची प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. मधुमेहाची औषधे चालू असलेल्या माणसाने तर ते डॉक्टरांना न सांगता मुळीच घेऊ नये. ओळखीच्यांना कृपया आजच सांगा.

देवराई, तुमचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. जंगलाला लागून असलेल्या जमिनीत मी महोगनी सुचवणार नाही. तुनीला मात्र तीच शेंड्याची अळी लागते, हे लावणाऱ्याने धरून चालावे. शिवण आणि बिबळा यांना तो त्रास नाही.

पाणकळा :

सर्वांचे आभार. हिशोब कागदावर मांडून भावकीतही दाखवला. तीन एकर अडकवायचे नाही, हे ठरले. आमची जमीन जंगलापासून लांब आहे, त्यामुळे बांधावर थोडी झाडे लावून पाहावीत असे मनात आहे. ती सरळ वाढावीत म्हणून काय करावे?

रानवाटा :

श्रीलंकेत कुरुनेगलाच्या बाजूला महोगनी आणि फणस एकत्र वाढवलेल्या जुन्या लागवडी आहेत, तो नमुना बांधासाठी चांगला आहे. दोन महोगनींमध्ये फणस, शिवण किंवा शेवगा असू द्या, म्हणजे बाजूने सावली मिळते, वर उजेड राहतो आणि पतंगाला सलग शेंडे सापडत नाहीत. पावसाळ्यात नवी पालवी फुटते तेव्हा दर आठवड्याला शेंडे पाहा. भुसा दिसला की अळीसकट शेंडा निरोगी भागापर्यंत कापून जाळून टाका. खालून फुटवे आले की हाताएवढे होईपर्यंत थांबा, त्यांतला सर्वांत जोमदार आणि सरळ फुटवा ठेवा, बाकीचे मुळाशी काढा. पहिली पाच-सहा वर्षे, बुंधा वीस फूट सरळ होईपर्यंत, हे काम चुकवू नका. त्यानंतर शेंड्याला अळी लागली तरी खालच्या लाकडाचे नुकसान होत नाही. शेजाऱ्याच्या हद्दीपासून अंतर मात्र आधी मोजून घ्या, कारण या झाडाचा विस्तार मोठा होतो आणि पालापाचोळा फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदम पडतो.